कप्तानबाईंचं मरण लांबणीवर

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. आठांपैकी निम्मी अंगं आत्ता कपड्यांच्या कपाटात अडकलेली असल्यामुळे नमस्कार निम्माच पोचला तर राग मानू नकोस, उरलेला समक्ष भेटीत करीन. कपाटात मी का बसलो आहे ते पुढे येईलच. तुझी तब्येत उत्तम असेल. (ती उत्तम नाही हे मला मुळीच माहीत नाही. तुझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आहे, उशीर करू नका म्हणाले आहेत, आणि तू ‘बघू’ म्हणून त्यांचे कागद गादीखाली सारलेस, यातलं अक्षरही तुझ्या चिरंजीवांनी मला फोनवर सांगितलेलं नाही. मला काही सांगायचं नाही अशी तंबी तू त्यांना दिली आहेस, हेही त्यांनी सांगितलेलं नाही. तेव्हा त्यांच्यावर डाफरू नकोस.) आतोबांचे गुडघे काय म्हणतात? आतोबा स्वतः काही म्हणत नाहीत, म्हणून गुडघ्यांना विचारलं.

फोन करायचा सोडून हा पत्राचा उद्योग कशाला, असं तू म्हणशील. फोनवर तू मला बोलू देतेस कुठे? ‘महत्त्वाचं आहे का? नाही ना? मग ठेव, दूध उतू जातंय.’ आजवर तुझं जितकं दूध उतू गेलं तितकं तर तुमच्या दूधवाल्यानेही पाहिलं नसेल. पत्राचं बरं असतं, त्याला मध्येच तोडता येत नाही. फार तर फाडता येतं, आणि शेवटपर्यंत वाचल्याशिवाय तू काहीही फाडणार नाहीस, एवढा मी तुला ओळखून आहे.

माझं काम तुला ठाऊक आहेच, म्हणजे ठाऊक नाही. ओळखीपाळखीत तू ‘तो आवाजात आहे’ असं सांगतेस आणि ऐकणाऱ्याला वाटतं मी भोंगे विकतो. मी पुस्तकं मोठ्याने वाचतो, ती ध्वनिमुद्रित होतात, आणि ज्यांना वाचायचा कंटाळा येतो अशी भली माणसं ती भांडी घासताना ऐकतात. (लहानपणी ‘मनातल्या मनात वाच’ म्हणून तूच माझ्यावर खेकसायचीस. न ऐकल्याचं असं भलं झालं.) तर गेल्या हिवाळ्यात स्टुडिओच्या मालकांनी माझ्यापुढे एक कादंबरी आदळली. आदळली हे अगदी शब्दशः घे, टेबलावरचा चहा बशीत आला. समुद्रावरची अद्भुत कादंबरी. जादू, गलबतं, चाचे, बुडालेली शहरं, आणि सुरुवातीलाच एक नकाशा. नकाशा मोठ्याने कसा वाचायचा हे आजतागायत मला कुणी सांगितलेलं नाही. ‘डावीकडे समुद्र आहे, उजवीकडेही समुद्रच आहे’ असं म्हणून मी मोकळा झालो. पात्रांची नावं अशी की उच्चारताना तोंडात गरम बटाटा धरल्यासारखं होतं, म्हणून ती इथे लिहीत नाही.

गोष्ट थोडक्यात अशी. एक म्हातारी कप्तानबाई आहे. तिच्या कमरेला एक दोर आहे आणि त्या दोराच्या प्रत्येक गाठीत तिने एकेक वारा बांधून ठेवला आहे. अडचण आली की एक गाठ सोडायची, वारा मोकळा, गलबत सुसाट. तिच्या हाताखाली एक तरुण जादूगार आहे, ज्याला बोट लागते. एक बोलका देवमासा आहे, एक आगाऊ पोपट आहे, आणि एक चाचा आहे, ज्याने आपली सावली समुद्राला विकून अमरत्व मिळवलं आहे व म्हणून तो दर प्रकरणाच्या शेवटी हसतो. सगळ्यांच्या डोळ्यांत समुद्र आहे. (पुस्तकातल्या इतक्या लोकांच्या डोळ्यांत पाणी असेल तर साथ आली असावी असं मला वाटलं, पण वाचणाऱ्याने मत द्यायचं नसतं.)

आता या धंद्यातली एक गोम सांगतो. एवढं जाडं पुस्तक वाचायला महिने लागतात, आणि पहिल्या प्रकरणात घोगरा बोललेला चाचा शेवटच्या प्रकरणात किनरा बोलून चालत नाही. म्हणून मी प्रत्येक पात्राला घरातल्या कुणाचा तरी आवाज देऊन टाकतो. घरातला माणूस विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही. देवमासा म्हणजे आतोबा. तो एक शब्द बोलतो, मग बराच वेळ बोलत नाही, मग दुसरा बोलतो. पहिल्या दिवशी रेकॉर्डिस्टला वाटलं यंत्रच बंद पडलं, आणि तो तारा तपासायला टेबलाखाली शिरला. बोट लागणारा जादूगार म्हणजे तुझे चिरंजीव. त्यांनी ते ऐकलंही आणि मला कळवलं की बाकी सगळे ठीक आहेत, पण जादूगार फारच रडका घेतला आहेस. चाचा म्हणजे माझे सासरे. पोपट कोण ते लिहीत नाही, कारण पोपट आत्ता शेजारच्या खोलीत इस्त्री करते आहे.

राहिली कप्तानबाई. लेखकाने तिला अगदी धुक्यासारखी लिहिली आहे. ती ‘पुटपुटते’, ‘कुजबुजते’, ‘मंद हसते’. मीही सुरुवातीला तशीच वाचली आणि रेकॉर्डिस्टने तीनदा जांभई दिली. मग वादळाचं प्रकरण आलं. डोलकाठी मोडलेली, खलाशी एकमेकांच्या गळ्यात पडून रडताहेत, आणि बाईने हुकूम द्यायचा होता. मी तोंड उघडलं आणि आतून तू बाहेर आलीस. म्हणजे दूध उतू जाणारी तू नव्हे. इस्पितळातली मेट्रन तू. भेटायला आलेले नातेवाईक पेशंटच्या पलंगावर पाय दुमडून बसले की तू दारातून जो आवाज लावायचीस, तो. मी एवढंच वाचलं होतं, ‘रडायचं असेल त्याने खाली जाऊन रडावं, इथे काम चाललंय.’ काचेपलीकडे रेकॉर्डिस्टने टेबलावरचे कोपर काढून घेतले आणि तो ताठ बसला. बाहेरच्या बोळात मालक कुणाशी तरी मोठमोठ्याने बोलत होते, ते गप्प झाले. वादळसुद्धा पुढच्याच पानावर थांबलं, पण ते पुस्तकातच तसं होतं.

थोडक्यात सांगायचं तर आत्या, गेले काही महिने तू एका गलबताची कप्तान आहेस. तुला न विचारता नेमणूक केली, कारण विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. हल्ली तू प्रत्येक गोष्टीला नाहीच म्हणतेस असं ऐकतो. (कुणाकडून ते विचारू नकोस.)

मग स्टुडिओच्या शेजारी इमारत पाडायला घेतली आणि दिवसभर भिंती थरथरायला लागल्या, तेव्हापासून मी घरीच वाचतो. आवाज घुमू नये म्हणून जाड रजयांनी भरलेलं कपड्यांचं कपाट यासारखी दुसरी जागा नाही. गुडघे हनुवटीला, माइक नाकाला, वर हिचे कोट. त्यात एकदा आमच्या न्हाणीघरातला नळ फुटला. प्लंबर आला, त्याने नळाकडे पाहिलं, सुस्कारा टाकला आणि उद्या सामान घेऊन येतो म्हणून निघाला. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, मी कपाटात समुद्रावर होतो. नेमका तेव्हाच कप्तानबाई गरजली, ‘तळाला भोक पडलंय आणि तू चाललास कुठे? माघारी फिर, हात घाल, पाणी थांबल्याशिवाय इथून हलायचं नाही.’ हिने सांगितलं की तो माणूस दारातून मागे वळला, बाह्या सरसावल्या आणि दुपारपर्यंत नळ नवा करून गेला. जाताना हळूच म्हणाला, ‘आजींना सांगा, झालं म्हणून.’

हे प्रकरण घरापुरतं राहिलं असतं तर पत्र लिहायची वेळ आली नसती. पण पुस्तकाचे भाग दर आठवड्याला ऐकणाऱ्यांपर्यंत जायला लागले आणि लोक खुळावले. जादूगाराचं कुणी नाव काढेना, अमर चाच्याला कुत्रं विचारेना. कप्तानबाई, कप्तानबाई आणि कप्तानबाई. कुणाचं पोर म्हणे तिचा हुकूम लावल्याशिवाय जेवत नाही. कुणी सकाळच्या गजराला तिला लावून ठेवलं आहे आणि गजराच्या आधीच घाबरून उठतो. एका दंतवैद्याने देवमाशाच्या घशात अडकलेला नांगर काढतानाचा तुझा तो प्रसंग, ‘तोंड उघड, अजून, मला दिवसभर वेळ नाही’, आपल्या दवाखान्यात लावायची परवानगी मागितली. मालक खूश, मी खूश, आणि लेखक हे सगळं पाहून उठून सरळ स्टुडिओतच आला.

लेखक अगदी सौम्य दिसतो. पोटापाण्यासाठी तो विमा कंपनीत लोकांचे दावे नामंजूर करतो, हे मला उशिरा कळलं, नाहीतर आधीच सावध झालो असतो. त्याने सगळं ऐकलं, हात जोडले, म्हणाला, ही बाई अशी आहे हे मला लिहिताना माहीतच नव्हतं. आणि मग त्याने शेवटच्या प्रकरणाची पानं माझ्या हातात ठेवली. त्यात कप्तानबाई मरते.

कशी मरते ते ऐक. तिच्या छातीत जखम झालेली आहे. दोरात एक शेवटची गाठ उरली आहे. ती सोडली तर त्या वाऱ्याने गलबत वैद्यांच्या बेटावर पोचेल आणि तिथे तिला बरं करतील. त्या बेटावर तिने स्वतः आजवर कितीतरी जखमी खलाशांना पोचवलेलं आहे, नको नको म्हणणाऱ्यांना मानेला धरून. पण स्वतःची पाळी आली तेव्हा ती गाठ सोडत नाही. ‘माझ्या फेऱ्या झाल्या’ म्हणते, दोर जादूगाराच्या हाती देते आणि डोळे मिटते. मी लेखकाला विचारलं, का पण? गाठ कमरेला, बोटं शाबूत, मग सोडायला काय जातं? तो म्हणाला, त्यात भव्यता आहे. मी म्हटलं, भव्यता कसली बोडक्याची, हा शुद्ध हट्ट आहे. त्या बेटावर गेलेले काही खलाशी परत आले नाहीत, ते हिने डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि म्हणून ही घाबरली आहे, आणि घाबरले असं म्हणायची हिला आयुष्यात सवय नाही, म्हणून फेऱ्या झाल्या वगैरे चाललंय. लेखकाने विचारलं, हे कुठल्या पानावर आहे? (हे सगळं मी पुस्तकाबद्दल लिहितो आहे.)

तरी काम ते काम. शेजारच्या पाडकामाला सुट्टी होती, म्हणून स्टुडिओतच वाचायला बसलो. ‘मला जाऊ द्या,’ असं पानावर आहे. आत्या, तुझ्या आवाजात ते वाक्य निघतच नाही. तू जन्मात कुणाला ‘मला जाऊ द्या’ म्हणालेली नाहीस, ‘बाजूला व्हा’ म्हणाली आहेस. मी कसंबसं रेटलं तर बाहेर पडलं, ‘मला जाऊ द्या, आणि मी गेल्यावर ते दिवे जळत ठेवू नका.’ लेखक म्हणाला, दिवे पुस्तकात नाहीत. दुसऱ्या वेळी ती मरता मरता जादूगाराला म्हणाली की शर्टाचं बटण लाव. तिसऱ्या वेळी मी तुझा आवाज बाजूला ठेवून माझ्याच आवाजात वाचलं, तर रेकॉर्डिस्टने विचारलं, हे मध्येच कोण गृहस्थ वारले? मग सासऱ्यांच्या आवाजात करून पाहिलं. ते मरेचनात. पुढे मला हसू यायचं थांबलं. ‘तिचा श्वास मंदावला’ एवढं वाक्य वाचून मी तुझ्या आवाजात तसा श्वास घेतला, आणि तो कानाला खरा वाटला, आणि मी पानं उलटी करून ठेवली. काचेपलीकडे रेकॉर्डिस्टने खुर्ची भिंतीकडे वळवून घेतली होती. त्या दिवशी आम्ही दोघांनी लवकर घरी जायचं ठरवलं.

मालकांना हे परवडणारं नाही. शेवटचा भाग लोक मागताहेत. तुला जमत नसेल तर तेवढं प्रकरण दुसऱ्याकडून वाचून घेतो म्हणाले, आणि तो दुसरा कोण, तर सिमेंटच्या जाहिराती करणारा. त्याच्या आवाजात कप्तानबाई गेली तर ऐकणाऱ्याला वाटेल, पिढ्यान् पिढ्या टिकणारं काहीतरी उभं राहिलं. पण माझं दुखणं वेगळंच आहे. माझं काम जाईल, आणि तुला मारायला कुणीतरी परका माणूस येईल. तुला परक्याच्या हातात देऊन मी घरी बसायचं, हे मला सोसवणार नाही. म्हणून मी अजून हो-ना काही सांगितलेलं नाही आणि रोज या कपाटात येऊन बसतो, ती पानं मांडीवर घेतो आणि वाचत नाही.

आता खरं लिहितो. मला भीती वाटते. माझे टॉन्सिल काढायचे होते तेव्हा तू पांढऱ्या गणवेशात माझ्यासमोर उभी राहून म्हणालीस, इथे मी तुझी आत्या नाही, मेट्रन आहे, रडायचं नाही. मी तुझा राग राग केला. शुद्धीवर आलो तेव्हा तू त्याच गणवेशात स्टुलावर बसली होतीस आणि तुझी ड्युटी केव्हाच संपली होती, हे मला दुसऱ्या नर्सने सांगितलं. तुझा आवाज माझ्या घशात कसा बसला आहे असं लोक विचारतात. घशावरच्या जखमेशेजारी बसून राहिलेला आवाज आहे तो, कुठे जाणार?

असो. फार लांबलं. इकडे सर्व ठीक. ही बरी आहे, नळ बरा आहे, प्लंबर अधूनमधून आजींची चौकशी करतो. आतोबांना नमस्कार, चिरंजीवांना आशीर्वाद. (ते माझ्याहून मोठे आहेत, पण जादूगार म्हणून धाकटे.) ऑपरेशनबद्दल मला काही माहीत नसल्यामुळे त्याबद्दल काही लिहिलेलं नाही, याची नोंद घ्यावी.

तुझा कपाटातला,
भाचा

ता. क. हे पत्र दोन दिवस पडून होतं, तेवढ्यात मालकांना मी काल सांगून टाकलं की घरात एक ऑपरेशन आहे, ते झाल्याशिवाय शेवटचं प्रकरण वाचणार नाही. कुणाचं म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कप्तानबाईंचं. मग त्यांनी सिमेंटवाल्याला नाही म्हणून कळवलं, ‘कप्तानबाईंची तब्येत बरी नसल्याने शेवटचा भाग लांबणीवर’ असं जाहीर केलं, आणि मला तारीख विचारली. तारीख बाईच ठरवणार आहेत असं मी सांगितलं आहे. तर तेवढी ठरव. तू धडधाकट घरी येऊन मला फोनवर एकदा झापलंस ना, की मी तिला खुशाल मारीन, अगदी भव्यतेसकट. पुस्तकातली बाई मेलेली मला चालते. घरातली चालत नाही.

ता. क. (हे अक्षर माझं नव्हे, पाकीट हिला चिकटवायला दिलं तिथे चूक झाली.) आत्या, नमस्कार. पोपटाचं वाचलं, ते मी घरी बघून घेते. ऑपरेशननंतर तुम्ही आणि आतोबांनी सरळ आमच्याकडेच यायचं. मागची उन्हाची खोली रिकामी केली आहे. हे रोज सगळ्यांसमोर जादूगाराची नक्कल करून हसवतात आणि मग कपाटात जाऊन रडतात, मला इस्त्री करताना ऐकू येतं. लवकर या.

ता. क. शेवटचं. चिरंजीवांच्या फोनवर मी एक छोटंसं रेकॉर्डिंग पाठवलं आहे, ते तुझ्या उशाशी लावायला सांगितलं आहे. पुस्तकातलं नाही. टॉन्सिलच्या वेळी माझ्या शेजारच्या खाटेवर एक धिप्पाड हमाल होता, ऑपरेशनच्या सकाळी तो खाटेची दांडी धरून बसला होता आणि चौघांना हलेना. तेव्हा तू आलीस आणि त्याला जे म्हणालीस, ते मी तुझ्याच आवाजात तुला म्हटलं आहे. ‘भीती वाटते? वाटू दे. तिला घे बरोबर आणि दाराबाहेर बसव, मी बघते तिच्याकडे. तू ऊठ.’ तो उठला होता. तुला यावर उलट काही बोलायचं असेल तर जरूर बोल, पण त्या आवाजाला उलट बोललेलं माणूस मी तरी अजून पाहिलेलं नाही.